हत्तीच्या पाठीवरची तेरा बटणं

ज्या वर्तमानपत्रात मी सतरा वर्षं होतो, त्याची स्थानिक आवृत्ती लॉकडाऊननंतर बंद झाली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या बातम्या एका पानावर बसवणं हे माझं काम होतं. पान गेलं, त्याबरोबर कामही गेलं. पुढे आठ महिन्यांनी सोनिवलीच्या पलीकडे असलेल्या एका मनोरंजन उद्यानात मला नोकरी मिळाली. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, एक आकाशपाळणा, सिमेंटचे चार डायनासोर. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून घोषणा करायच्या, गाणी लावायची आणि रजिस्टरं लिहायची. तिथे सगळे मला 'पेपरवाले' म्हणत.

या मजकुरात कुणाचंही नाव नाही. बाकी जे आहे ते घडलं तसं आहे.

रोज सकाळी नऊ वाजता पंपघरासमोर हजेरी होत असे. नवा माणूस कामावर आला की सुपरवायझर त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारत, "भीती कसली?" हा नियम मालकांनी केला होता आणि त्यामागचं कारण योग्य होतं. पूर्वी एका ऑपरेटरला आकाशपाळण्याच्या वरच्या टोकाला चक्कर आली होती. त्याला उंचीची भीती होती आणि त्याने ती कुणाला सांगितली नव्हती. तेव्हापासून रजिस्टरात चार रकाने आखले गेले: क्रमांक, नाव, काम, भीती. प्रत्येक पानाखाली रोज सुपरवायझरची सही.

उंची, खोल पाणी, अंधार अशी उत्तरं येतील असं मालकांना वाटलं असावं. प्रत्यक्षात ती क्वचितच आली. आकाशपाळण्याचा ऑपरेटर दातात पाना धरून सांगाड्यावर चढायचा, त्याला फुग्यांची भीती होती. "फुटण्याची नाही हां," तो मला म्हणाला होता. "फुटला की संपला. फुगलेला असतो ना तेव्हाची." गेटवरचा रखवालदार फेसाला घाबरायचा. साबणाचा असो की दुधावरचा. तिकीट खिडकीवरच्या मुलीला डोळ्यांची उघडझाप करणाऱ्या बाहुल्या सहन होत नसत. हे सगळं माझ्या अक्षरात आहे. माझ्या नावापुढे मी 'नाही' लिहिलं. लिहिणाऱ्याला ती सोय असते.

पाहुण्यांसाठीही तीच पद्धत होती. गेटवर कुणी भीती सांगितली तर त्याच्या मनगटाला पिवळी फीत बांधायची, म्हणजे ऑपरेटर जबरदस्ती करणार नाहीत. उल्हासनगरचे एक कापड व्यापारी सहकुटुंब आले होते. साठीचे, धिप्पाड. मागे नातवंडांचा घोळका. ते एकटेच माझ्या केबिनमध्ये आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"साईं, एक बात बोलूं? हसना मत."

"बोला ना."

"वो जो पाणी में पिली बत्तख है... रबड़ की... मेरे को नहीं जमता. पोतों के सामने इज्जत का सवाल है."

संथ पाण्याच्या कालव्यात आम्ही रबरी बदकं सोडत असू. मी माइकवरून सांगितलं, कालव्याची दहा मिनिटं सफाई. ऑपरेटरने जाळीने सगळी बदकं काढून पोत्यात भरली. शेठ नातवंडांसह दोन फेऱ्या मारून आले. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांसाठी दाल-पकवान आणलं. पद्धत नीट वापरली तर काय होऊ शकतं, त्याचं हे एक उदाहरण. दुसरी उदाहरणं वेगळी होती.

सुपरवायझर अंबरनाथचा होता. चाळिशीचा, उंच, इस्त्रीचा शर्ट. त्याआधी तो एका कारखान्यात पाळीप्रमुख होता. कुणी उशिरा आलं, उलट बोललं, रजा जास्त मागितली की तो रजिस्टर मागवून भीतीचा रकाना वाचायचा आणि त्या माणसाला नेमकं तिथेच पाठवायचा. रखवालदाराला त्याने पूर्ण आठवडा फेसाच्या मशीनवर ठेवलं. ऑपरेटरला वाढदिवसाच्या हॉलमध्ये फुगे फुगवायला बसवलं. "भीती घालवायची तर तिच्यातच ढकलायचं," तो म्हणायचा. "मी तुमचा डॉक्टर आहे रे. फी घेतो का?" त्याच्या हातात मोबाइल असायचा. घाबरलेल्या माणसाचा व्हिडिओ स्टाफच्या ग्रुपवर यायचा. खाली हसण्याच्या चित्रांची रांग लागायची, कारण न हसणारा लक्षात राहायचा.

रजिस्टरात पहिलं नाव त्याचंच होतं. त्याच्या भीतीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

पोशाखाच्या खोलीत जी बाई काम करायची, तिला सगळे मावशी म्हणत. वय बावन्न. राहणार उल्हासनगर, पाच नंबर कॅम्प. वीस वर्षं तिने जीन्सच्या गाळ्यात शिलाई केली होती. गाळा बंद पडल्यावर ती इथे आली. पोहण्याचे कपडे भाड्याने देणं, परत घेणं, उसवलेलं शिवणं हे तिचं काम. तिच्या रकान्यात 'बटणे' असं लिहिलेलं होतं.

"जीन्समध्ये वीस वर्षं कशी काढलीत मग?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सवयीने.

"जीन्सचं बटण धातूचं, ठोकायचं. त्याचं काही वाटत नाही. भोकांचं असतं ना, दोन भोकांचं, चार भोकांचं, ते." तिने 'ते' म्हणताना तोंड फिरवलं. "आईच्या मांडीवर बसायचे मी. बापाच्या नाही. त्याच्या शर्टाला होती. त्याला वाटायचं पोरीला माझी माया नाही. मेला बिचारा तसाच."

तिचा हा तिसरा हंगाम होता. उद्यानात तीन हंगाम 'अनफिट' असा शेरा न पडता काढले की माणूस कायम होत असे. कायम म्हणजे पावसाळ्यातही काम आणि दवाखान्याचं कार्ड. तिच्या घरात मधुमेही नवरा होता, त्याचा एक पाय घोट्यापासून काढलेला होता. कार्डाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेरा लिहिण्याचा अधिकार सुपरवायझरला होता.

युनिफॉर्मच्या शर्टाची बटणं तिने काढून आतून चिकटपट्टी लावली होती. ते अडीच हंगाम कुणाच्या लक्षात आलं नाही. एप्रिलमध्ये सुपरवायझरच्या लक्षात आलं. त्याने रजिस्टर मागवलं. तो वाचून बराच वेळ हसला आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीचं काम सांभाळून तिला तलावाच्या गाळणीवरही लावलं.

गाळणी म्हणजे पंपघरातली जाळीची टोपली. तलावातलं जे जे पाण्याबरोबर ओढलं जातं ते तिथे अडकतं: केस, टिकल्या, चिकटपट्ट्या आणि शर्टांची बटणं. लोक नियम मोडून शर्टासकट पाण्यात उतरत, त्यामुळे बटणं रोज निघत. मावशी चिमट्याने ती उचलायची, मान वळवून. पहिल्या आठवड्यात ती दोनदा पंपघरामागे जाऊन ओकली. तिसऱ्यांदा तिथेच खाली बसली.

"मावशी, हे बघा," सुपरवायझर म्हणाला, "अजून एकदा अशी बसलात ना, तर मला अनफिट लिहावं लागेल. माझा नाइलाज."

"नाही बसणार साहेब."

ती पुन्हा बसली नाही. मग त्याने डब्याचं केलं.

जेवणाची सुट्टी होती. सगळे शेडमध्ये होते, मीही होतो. मावशीने डबा उघडला. भातावर पांढरी बटणं होती, गाळणीतली, धुतलेली. त्यांची गोल मांडणी करून मध्ये एक ठेवलं होतं, फुलासारखं. सुपरवायझर मोबाइल धरून उभा होता. मावशीने डबा ढकलला नाही की आरडाओरड केली नाही. हातातला चमचा खाली ठेवला, तेवढंच. शेड हसली. मीही हसलो. ही नोंद टाळता येणार नाही.

तिने झाकण लावलं आणि डबा तसाच कचऱ्याच्या पिंपात टाकला. स्टीलचा, चार कप्प्यांचा.

तिसऱ्या दिवशी ती केबिनच्या दाराशी आली.

"हसलात ना पेपरवाले?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

"हसलात ते बरं झालं. आता माझं काम करावं लागेल तुम्हाला. त्याच्या पुढे काय लिहिलंय?"

"रेघ आहे."

"रेघ." तिने ते दोनदा म्हटलं. "माणसाच्या पोटी जन्माला आलाय ना? मग असणारच. शोधा. तुमचा धंदाच तो."

मी शोधलं. त्यासाठी फार अक्कल लागली नाही, नजर ठेवावी लागली. तो तिकिटांच्या केबिनमध्ये कधी जात नसे, खिडकीतून हिशेब मागायचा. कॅमेऱ्यांच्या खोलीत गेला तर दाराला खुर्ची लावून ठेवायचा. अवकाळी सर आली की सगळे रेनकोट चढवत, तो भिजत उभा राहायचा आणि म्हणायचा, आपल्याला नाही लागत असलं. मोटारसायकलवर हेल्मेट आरशाला टांगलेलं असे आणि त्यासाठी त्याला बदलापूरच्या उड्डाणपुलाजवळ वारंवार दंड झाला होता. तो कधी गळ्याशी बटण लावत नसे. नुसत्या निरीक्षणावर बातमी देऊ नये, दुसरा दुवा लागतो. तो दुवा ऑपरेटरने दिला. त्याचा चुलता पूर्वी त्याच कारखान्यात होता. तिथे टाकीच्या सफाईसाठी पूर्ण अंगाचा सूट घालावा लागे. पाळीप्रमुखाने तो कमरेपर्यंत चढवला आणि फाडून बाहेर पडला. त्यानंतर त्याने नोकरी सोडली होती.

मावशीला मी एवढंच सांगितलं: अंगाभोवती काही बंद झालेलं त्याला चालत नाही.

ती हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि कपडे मोजू लागली.

उद्यानात एक हत्ती होता. जाड फरचा, निळा, डोक्यासकट एकसंध पोशाख, त्याच्या आत माणूस. खरवईचा एक सडपातळ गृहस्थ तो घालायचा. सोंडेखाली हवेसाठी मोठी जाळी होती आणि तो रोज दोन तास त्यात नाचून बाहेर येऊन आरामात बिडी ओढायचा. हातांना फुगीर पंजे होते, त्यामुळे आतल्या माणसाला काही धरता येत नसे. पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चेन होती आणि तिला आतून ओढायची दोरी होती. मेच्या सुरुवातीला चेन तुटली.

चेन नवी बसवता आली असती. उल्हासनगरच्या बाजारात हव्या त्या लांबीची मिळते. सुपरवायझरने पोशाख मावशीच्या टेबलावर टाकला. मी तेव्हा तिथे हरवलेल्या वस्तूंची यादी करत होतो.

"चेन नको. बटणं लावा. मोठी. चार भोकांची." तो माझ्याकडे बघून हसला. "काय पेपरवाले, ब्रेकिंग न्यूज ना?"

मावशीने पोशाख उलटून तुटलेली चेन बघितली. ती म्हणाली, "साहेब, बटणं आतून उघडणार नाहीत. बाहेरून कुणीतरी उघडावी लागतील."

"हत्तीला कशाला उघडायचंय आतून? तो काय पळून जाणार आहे?"

"मी सांगितलं एवढंच."

"सांगितलंत. ऐकलं. आता शिवा."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "लिहून ठेवा. काय म्हणाला, किती वाजता." मी लिहून ठेवलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

तेरा बटणं होती. बशीएवढी नाही, पण बाटलीच्या झाकणाएवढी. काळी. तिने ती शिवायला पाच दिवस घेतले, रोज काम संपल्यावर अर्धा तास. पाण्यात औषध टाकताना घालायचे जाड रबरी हातमोजे तिने दोन्ही हातांत चढवले. मी प्रत्येक बटण कागदात गुंडाळून ठेवायचो, ती कागद फाडून सुईखाली सरकवायची आणि टाके घालताना भिंतीकडे बघायची. बोटांच्या सवयीवर ती शिवत होती. पहिल्या दिवशी दोन झाली आणि ती ओकली. दुसऱ्या दिवशी तीन झाली आणि ती ओकली. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, राहिलेली मी शिवतो.

"तुमचा टाका दोन दिवसांत उसवेल. गप बसा."

काजं तिने शेवटी केली. काज करताना ती मापपट्टी बटणाला नव्हे, बटणाच्या जरा आत धरत होती. मी विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, "कापड जाड आहे. एकदा धुतलं की आवळतं. लावताना जोर लावला की जाईल. काढताना नाही येणार."

मग तिने पोशाख धुवून उन्हात टाकला.

दुसऱ्या दिवशी खरवईच्या गृहस्थाने चार दिवसांची रजा मागितली. गावच्या लग्नाचं कारण होतं. अर्ज मी लिहून दिला. त्यातली तारीख मावशीने सुचवली होती आणि लग्न खरं आहे का, हे मी विचारलं नाही. त्या तारखेला मालकांच्या नातीचा पाचवा वाढदिवस होता. हत्तीचा हात धरून केक कापायचा असं नातीने ठरवून टाकलं होतं.

मालक स्वतः सकाळी हजेरीला आले. हत्तीचा माणूस रजेवर आहे हे ऐकून ते म्हणाले, "मग दुसरा कुणी घाला. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

ऑपरेटर एक पाऊल पुढे आला. "साहेब, लॉनवर फुगे लावलेत. माझं रजिस्टरला आहे."

"माझंही आहे," रखवालदार म्हणाला. "केक कापताना ते फेसाचे फवारे उडवतात."

तिकीट खिडकीची मुलगी म्हणाली, "बेबीसाठी बाहुल्या आणल्यात साहेब. झोपणाऱ्या."

रांग तशीच पुढे सरकत गेली. प्रत्येकाने आपली ओळ सांगितली. काहींच्या भीतीचा हत्तीशी दूरचाही संबंध नव्हता, पण रजिस्टर मालकांचं होतं आणि नियमही त्यांचाच होता. हे आधी ठरवून झालं होतं का? माझ्याशी कुणी काही ठरवलं नव्हतं. डब्याच्या दिवशी शेडमध्ये हसलेले सगळेच या रांगेत होते, एवढं मला माहीत आहे.

मालकांनी रजिस्टर मागितलं. बोट वरून खाली फिरवलं. "पेपरवाले, तुमच्यापुढे 'नाही' आहे."

"मी माइकवर आहे, साहेब."

बोट पुन्हा वर गेलं, पहिल्या ओळीवर. "आणि तुमच्या पुढे तर रेघ." ते सुपरवायझरकडे बघून प्रसन्नपणे म्हणाले, "चला, झालं काम. माझ्या नातीला निराश करू नका."

सुपरवायझर काहीतरी बोलणार होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. आजपर्यंत त्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला त्याने ज्या नजरेने बघितलं होतं, त्याच नजरेने. तो वळला आणि चालू लागला.

पोशाखाच्या खोलीत त्याला ऑपरेटरने हत्तीत बंद केलं. जोर लावून, एकेक करत, तेरा. ऑपरेटरने मला नंतर सांगितलं की सातव्या बटणाला तो म्हणाला, "थांब जरा." आणि नंतर म्हणाला, "लाव, लाव, लवकर लाव." हत्तीला डोळ्यांच्या भोकांतून कमी दिसत असल्याने त्याच्या बाजूला कुणीतरी चालावं लागे. ते काम पोशाखाच्या खोलीचं, म्हणजे मावशीचं होतं.

लॉन माझ्या केबिनपासून तीस पावलांवर आहे. तिथे मालकांचं कुटुंब आणि वीस-बावीस मुलं होती. मी हत्तीचं नेहमीचं गाणं लावलं. ते चार मिनिटांचं आहे. हत्तीदादा आले, टाळ्या, असं माइकवर म्हणालो. पहिलं अर्धं मिनिट तो उभा होता. मग त्याचे हात वर गेले. पंजे डोक्याला लागले, तिथून गळ्याला, तिथून पाठीमागे, जिथे ते पोचू शकत नव्हते. तो स्वतःभोवती फिरू लागला. मुलं किंचाळली, आनंदाने. त्यांनीही स्वतःभोवती फिरायला सुरुवात केली. मालक टाळ्या वाजवत होते. नातीच्या आईने मोबाइल काढला.

त्याने मावशीला शोधलं आणि तिच्याकडे पाठ केली. ती दोन पावलं मागे सरकली. तो मागे सरकत तिच्यापर्यंत आला. जवळ असलेल्यांना आतला आवाज ऐकू आला असणार. काचेमुळे मला आला नाही. ते बोलणं मावशीने मला त्याच दुपारी सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

"मावशी, उघड."

"काय साहेब?"

"बटणं. उघड. लवकर."

"मला बटणांना हात लावता येत नाही साहेब. तुम्हीच लिहून घेतलंय."

"तूच शिवलीस ना!"

"हो. आणि सांगितलं होतं, आतून उघडत नाहीत."

"मावशी, पाया पडतो."

"नाचा साहेब. बेबी बघतेय."

गाणं संपलं. मावशीने मान वळवून केबिनकडे बघितलं. तिने खूण केली नाही, हात हलवला नाही, नुसतं बघितलं. त्या क्षणी मी उठून गेलो असतो तर दहा सेकंदांत पोचलो असतो. माझ्या टेबलावर कात्री होती. मी तेच गाणं पुन्हा लावलं.

दुसऱ्या वेळी तो गुडघ्यांवर आला. मुलांना वाटलं हत्ती बसला, आता पाठीवर चढायचं, आणि दोघं चढली. मग मालकांच्या सुनेच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तिने मुलांना उतरवलं आणि पाठीवरचं वरचं बटण काढायचा प्रयत्न केला. निघालं नाही. दुसरं निघालं नाही. "अहो, हे निघत नाहीये!" हे मला काचेतून ऐकू आलं.

तेव्हा मावशी पुढे झाली. कमरेच्या पिशवीतून तिने शिलाईची कात्री काढली, हत्तीच्या मानेपाशी पातं बटणाखाली सरकवलं आणि दोरा कापला. बटण गवतात पडलं. मग दुसरं. ती घाई करत नव्हती. तेराही कापेपर्यंत तिने एकालाही हात लावला नाही, आणि या वेळी तिने मान वळवली नव्हती.

मी गाणं बंद केलं.

सुपरवायझर बाहेर आला आणि गवतावर ओणवा झाला. त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. बराच वेळ तो दोन्ही हातांनी गळा चाचपत राहिला. नातीने आईला विचारलं, "हत्तीच्या पोटात काका कशाला ठेवला होता?" केक तिने स्वतःच कापला.

त्या दिवशीच्या घटनांच्या रजिस्टरात मी लिहिलं: 'हत्तीच्या पोशाखातील कर्मचाऱ्यास बाहेर काढण्यास विलंब. कारण, चेनऐवजी बटणे. बटणे लावण्याची तोंडी सूचना सुपरवायझर यांची, सकाळी ११.२०.' यातला प्रत्येक शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी हजेरीला तो वेळेवर आला. मालकही होते. रजिस्टर उघडण्यापूर्वी मी एक गोष्ट केली होती. पहिल्या ओळीतल्या रेघेपुढे लिहिलं होतं: 'अंगाभोवती बंद होणारी कोणतीही वस्तू.' त्याने सहीसाठी पान ओढलं, ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी सांगितलं?"

"काल सगळ्यांनी बघितलं."

"काढा ते."

"खोडाखोड चालत नाही, साहेब. मालकांचा नियम आहे."

रांगेतून मावशी बोलली. आवाज चढवला नव्हता. "राहू दे की साहेब. माझ्या ओळीपुढे अनफिट लिहायची वेळ आली तर तुमच्या ओळीपुढेही लिहावं लागेल. बरोबरीने होऊन जाईल."

मालकांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली, मग मावशीची. "हां, म्हणजे तेच," ते म्हणाले. "कुणालाही चक्कर येऊ शकते. त्याचं काय अनफिट लिहायचं?" त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

त्याने सही केली. स्वतःच्या भीतीखाली, रोजच्यासारखी, आडवी. त्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे, हंगाम संपेपर्यंत, तो रोज त्या पानावर सही करत होता. तोपर्यंत नवीन माणूस आला तर 'भीती कसली' हे तो मोठ्याने विचारत नसे. कागद पुढे करायचा. पण मावशी मागून म्हणायची, "विचारा की साहेब. मोठ्यानं विचारा." आणि तो विचारायचा.

गाळणीवर नंतर दोन माणसं आलटून पालटून आली. जूनमध्ये मावशी कायम झाली. पत्रावर त्याचीच सही होती. दवाखान्याचं कार्ड तिने मला आणून दाखवलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं.

"आता तरी झालं ना समाधान?" मी विचारलं.

तिने कार्ड परत पिशवीत ठेवलं. "डब्याचं झालं. गाळणीचं अजून बाकी आहे."

पुढच्या हंगामाआधी मला कल्याणच्या एका दैनिकात डेस्कवर जागा मिळाली. सुपरवायझर अजून तिथेच आहे आणि मावशीही. ऑपरेटर अधूनमधून फोन करतो. तो सांगतो की हत्तीला नवी चेन बसली, पण तेरा काळी बटणं गवतातून वेचून कुणीतरी काचेच्या बरणीत भरली आहेत. बरणी सुपरवायझरच्या टेबलावर असते. ती रोज सकाळी पुसलेली असते आणि ती कोण पुसतं, हे विचारायची सुपरवायझरची हिंमत होत नाही.

घटनांच्या रजिस्टरात एक गोष्ट राहिली होती, ती इथे लिहितो. गाणं दोनदा वाजलं. दुसऱ्यांदा ते मी लावलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.